भिंगआत्याचा बदामी स्वेटर

भिंगआत्याला खरं नाव होतं, पण ते फक्त तिला येणाऱ्या पत्रांवर उरलं होतं. गळ्यात काळ्या नाडीला बांधलेलं पितळी कडेचं भिंग ती अंघोळीपुरतं काय ते काढायची. त्या भिंगातून तिने चाळीस वर्षं पानांच्या मागच्या बाजू पाहिल्या होत्या. "पुढची बाजू कुणीही बघतं," ती म्हणायची. "खरं काय ते मागे असतं."

भाऊ आणि ती, दोघांनी मिळून रोपवाटिका काढली तेव्हा एकच काचघर होतं, तेही जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून केलेलं. रोपं मातीच्या कुंड्यांत असायची आणि त्या उचलून उचलून संध्याकाळी पाठ धरून यायची. आता काचघरं तीन झाली होती, रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रांगेने बसत होती, भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती आणि कारभार भाच्याच्या हाती होता. भिंगआत्याकडे होती ती फक्त कीड. म्हणजे, कीड आत येऊ न देणं.

हे काम दिसतं तेवढं लहान नव्हतं. इथली टोमॅटोची, काकडीची, ढोबळी मिरचीची रोपं चाळीस ठिकाणच्या शेतकऱ्यांकडे जायची. इथल्या एका ट्रेला कीड लागली, की ती बसल्या जागी, तिकीट न काढता, चाळीस नवीन गावं वसवणार.

म्हणून दारावर पाटी होती, आत्याच्याच हातची. पाय धुऊन आत यावे. पांढरा कोट घालावा. पिवळे कपडे घालून येऊ नये. बाहेरचे झाड आणू नये. आणि सगळ्यात खाली, जरा ठळक अक्षरांत: ज्याच्यामुळे कीड आत येईल, त्याने एक हंगाम पॅकिंगच्या शेडमध्ये काढावा. हे शेवटचं कलम नुसतं दाखवायला नव्हतं. भाऊ एकदा फुलांचा गुच्छ घेऊन काचघरातून आरपार गेला होता. गुच्छ आत्याच्याच वाढदिवसाचा होता. तिने तो नाकाऐवजी भिंगाला लावला आणि भावाला चार महिने खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला बसवलं.

"पिवळ्यानं काय होतं?" असं नवीन माणूस हमखास विचारायचं. मग आत्या ट्रेवर टांगलेला पिवळा चिकट कागद दाखवायची. उडणाऱ्या बारीक किडींना पिवळा रंग दिसला की राहवत नाही, त्या धावत येऊन बसतात. कागदाला गोंद असतो, म्हणून तिथेच अडकतात. रोज सकाळी आत्या फेरी मारून कागदांवरच्या किडी मोजायची, आणि बरीच वर्षं बहुतेक कागदांवर चिलटांखेरीज काही नसायचं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. आत्याने स्वतः विणलेला नवा स्वेटर काढला आणि कोटावरून घालायला सुरुवात केली, कारण कोटाच्या आत तो मावत नव्हता.

"छान पिवळा आहे हो, आत्याबाई," भाचेसून म्हणाली. लग्न होऊन तिला तेव्हा पाच महिने झाले होते.

"बदामी आहे," आत्या म्हणाली. "दुकानात उजेडात धरून लोकर घेतलीय मी."

भाचेसुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मन लावून छताकडे बघत होता. त्याने आदल्या रविवारीच "पिवळा" हा शब्द उच्चारला होता आणि त्यानंतर दोन दिवस त्याच्या चहात साखर पडली नव्हती. तेव्हापासून त्या घरात तो स्वेटर बदामी झाला.

पाच आठवड्यांनी, एका सोमवारी, पहिल्या काचघरातल्या कागदावर आत्याला पांढरी माशी सापडली. नाव माशी, पण आकाराने तिळाहून लहान, पिठात बुडवून काढल्यासारखी.

"एकच आहे, आत्या," भाचा म्हणाला. "दारातून आली असेल."

"एक कधी एक नसते. आणि एकटी आली तरी हिचं अडत नाही. नवरा नसला तरी अंडी घालते. त्यातून निघतात सगळे मुलगे. पुढचा संसार मग त्या मुलग्यांच्याच जिवावर."

"अगंबाई!" भाचेसून हसायला लागली. "लाज नाही, लज्जा नाही."

"लाज धरून बसली असती तर जगभर पसरली असती का?" असं म्हणत आत्याने टोमॅटोचं एक पान उलटलं, भिंग डोळ्याला लावलं आणि तिचा आवाज उतरला. पानाच्या मागे बारीक, चपटी, पारदर्शक पिल्लं चिकटून बसली होती. हलत नव्हती, डुलत नव्हती, नुसती रस पीत होती. "ही काही आज आलेली नाहीत. महिन्याभरापूर्वी कुणीतरी आणून सोडलीत."

महिन्याभरापूर्वी हे ऐकताच भाच्याच्या तोंडून निसटलं, "तरी मी तिला म्हणत होतो, ती कुंडी..."

"कसली कुंडी?"

भाचा पुन्हा छताकडे बघू लागला. शेवटी भाचेसूनच म्हणाली, "माझी आहे, आत्याबाई. जिरेनियमची. आईच्या खिडकीतली फांदी आहे. घर विकलं, खिडकी गेली, तिथलं झाडही नवीन माणसांनी उपटून टाकलं. एवढंच राहिलंय. मी तिसऱ्या काचघरात पंपामागे ठेवलीय. आणताना भिंगाखाली नीट पाहून आणली होती."

"कुणाच्या भिंगाखाली?"

"माझ्या."

लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिथलं एक भिंग तिने आठवण म्हणून आणलं होतं. आत्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. एका घरात दोन भिंगं म्हणजे जरा जास्तच झालं, असं तिला वाटत होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

"पाटी वाचलीस ना?" ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी तपासणीच्या बाई येतायत, त्यांच्या सहीशिवाय एक रोप बाहेर जात नाही. त्याआधी कुंडी जाळायची. आणि शनिवारपासून तू शेडमध्ये."

भाचेसुनेचा चेहरा पडला. तिसरं काचघर तिचं होतं. तीन पायऱ्या खाली उतरून जावं लागे, आत्याचे गुडघे त्या पायऱ्यांना नाही म्हणत, म्हणून तिथली सहा हजार काकडीची रोपं पहिल्या दिवसापासून तिने एकटीने वाढवली होती. पण ती रडली नाही. "आत्याबाई, कुंडीतून आली हे सिद्ध झालं तर मी स्वतः जाळीन," ती म्हणाली. "नाही झालं तर?"

"होईल," आत्या म्हणाली.

सिद्ध करायला आत्याने तिन्ही काचघरांचा नकाशा काढून ऑफिसच्या भिंतीवर लावला. जिथे माशी दिसेल तिथे एक टाचणी. मंगळवारी नऊ टाचण्या लागल्या, बुधवारी वीस, गुरुवारी चौतीस. पहिल्या काचघरात डाव्या हाताची रांग भरली, दुसऱ्या काचघरात मधली रांग आणि खिडकीजवळचा कोपरा. तिसऱ्या काचघराचा आकडा भाचेसून रोज कागदावर लिहून आणायची. शून्य. शून्य. परत शून्य.

"काय गं, तुझ्याकडे यायला माश्या घाबरतात वाटतं," आत्याने गुरुवारी विचारलं.

"माहेरची शिस्त आहे," भाचेसून म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, "येऊन बघा ना."

हे येऊन बघा म्हणणं आत्याला झोंबलं. शुक्रवारी सकाळी ती खरंच गेली. तीन पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली, गुडघ्यांचं मत विचारलं, आणि ते नकारार्थी आल्यावर सरळ खाली बसली. बसूनच एक पायरी उतरली, मग दुसरी.

"हात देऊ का?" खालून भाचेसून म्हणाली.

"नको. बघितलंस हे कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं." मग भिंतीवर टांगलेला भाचेसुनेचा जाडा पांढरा कोट पाहून ती थांबली. "तो दे इकडे. स्वेटर तारेला अडकेल."

तिने स्वेटर काढून पायरीवर ठेवला, कोट चढवला आणि सकाळभर तिसरं काचघर उलटंपालटं केलं. ट्रे उचलले, पानं उलटली, पंपाच्या मागे वाकून ती कुंडी बाहेर ओढली. जिरेनियमची पानं मऊ होती, हात लावला की लिंबासारखा वास सुटत होता. एकेक पान तिने मागून पाहिलं. एकशे बारा पानं. माशी नाही, पिल्लू नाही, अंडं नाही.

"स्वच्छ आहे," ती अगदी हळू म्हणाली. भाचेसुनेला पाहिजे तर ऐकू यावं, नको तर नाही, इतकं.

भाचेसुनेला आलं. पण तिने नुसती कुंडी उचलून परत जागेवर ठेवली, आणि आत्याला ती पहिल्यांदाच थोडी आवडली.

चढताना हात घ्यावाच लागला. स्वेटर परत अंगावर घालून आत्या पहिल्या काचघरात आली, नेहमीच्या स्टुलावर टेकली आणि दम खात ऑफिसातल्या नकाशाची मनात उजळणी करू लागली. कुंडीतून नाही, तर कुठून? दार इथे. डावी रांग. मग हे स्टूल, याच्या भोवती सगळ्यात दाट टाचण्या. उजव्या रांगेत एकही नाही, तिथे वरून पाणी ठिबकतं म्हणून कुणी जातच नाही. मग दुसरं काचघर, मधली वाट, खिडकीजवळचा कोपरा, जिथे ऊन येतं आणि जरा वेळ उभं राहायला बरं वाटतं...

कुणाला बरं वाटतं?

कागदावर बोट फिरवलं असतं तर ते टाचणीपासून टाचणीपर्यंत तिच्याच सकाळच्या फेरीवरून गेलं असतं. गुडघे नाही म्हणतात तिथे टाचणी नाही. पाणी ठिबकतं तिथे नाही. ऊन खात उभं राहायचं तिथे सात.

तेवढ्यात भाचेसून शेजारचा ट्रे उचलायला आली. ट्रे हलला, पानांतून पांढरा भुगा उडाल्यासारख्या माश्या उठल्या, आणि समोरचा चिकट कागद सोडून आत्याच्या मागे गेल्या.

"आत्याबाई, हलू नका."

"काय झालं?"

"तुमच्या पाठीवर बसल्यात. अकरा... पंधरा... सतरा. अजून येतायत."

"बदामी रंगावर येत नाहीत त्या," आत्या म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

भाचेसुनेने दोरीवरून एक नवा चिकट कागद काढला, कोरा, आणि आत्याच्या बाहीला लावून धरला. "या दोघांत फरक दिसतो का तुम्हाला?"

आत्याने पाहिलं. डोळे बारीक करून, मान वाकडी करून पाहिलं. कागद तिला नेहमीच असा फिकट दिसायचा. "कागदही बदामीच आहे की," ती म्हणाली.

"कागद हळदीसारखा पिवळा आहे, आत्याबाई. आणि स्वेटरही." भाचेसून तिच्यासमोर उकिडवी बसली. "चष्म्याच्या दुकानात अशी कितीतरी माणसं यायची. मोतीबिंदू आहे तुम्हाला. भिंग लावलं की आकार दिसतो, पण रंग आतल्या आत मरून जातो. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही."

"मला कळलं नाही ते ठीक. तुम्हा सगळ्यांना दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चहात साखर लागते आम्हाला."

आत्याचे खांदे हलायला लागले. भाचेसुनेला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि हसताना पाठीवरच्या सतरा माश्या उठून पुन्हा तिथेच बसत होत्या. "म्हणजे मी सापळाच," ती म्हणाली. "फक्त माझा गोंद संपलाय. इथे धरायच्या, तिथे सोडायच्या. पाटी मीच लिहायची आणि माश्यांची गाडीही मीच चालवायची."

"पण पहिल्या कुठून आल्या?" भाचेसून म्हणाली. "स्वेटर काही लोकरीच्या दुकानातून माश्या घेऊन आला नसेल."

आत्याला ते माहीत होतं. तिने स्वेटर काढला, पिशवीत कोंबला, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि भाचेसुनेला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तुझं भिंग पण घे."

चार गल्ल्या पलीकडे घड्याळ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. दुकानदार आत्याच्याच वयाचे, विधुर, एका डोळ्यात कायम भिंग बसवलेले. आत्याच्या भिंगाची कड एकदा त्यांनी बसवून दिली होती, तेव्हापासून ती रोज चार वाजता तिथे चहाला जायची. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवायची, त्यामुळे उशीर झाला असं तिथे कधी वाटत नसे. चहाच्या बदल्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना टोमॅटोचं एक रोप दिलं होतं, काचघरातलं, भिंगाखालून गेलेलं, निर्मळ.

ते रोप आता खिडकीभर झालं होतं. आत्या रोज त्याला पाठ करून बसायची, कारण खुर्ची तशी होती.

"या, या," घड्याळवाले म्हणाले. "आज लवकर? आणि स्वेटर कुठे? तो पिवळा स्वेटर आला की दुकानात उजेड पडतो."

आत्याने भाचेसुनेकडे पाहिलं नाही. "तुम्हीही बोलला नाहीत कधी."

"काय?"

"पिवळा आहे म्हणून."

"तुम्ही बदामी म्हणालात, बाई. मी कशाला वाद घालू? मला आवडतो तो."

भाचेसून खिडकीशी गेली होती. तिने एक पान उलटलं आणि बाजूला झाली. आत्याने वाकून पाहिलं. पानाची मागची बाजू दिसतच नव्हती, इतकी गर्दी होती. आजी, मुली, नाती, सगळं खानदान.

"ती पांढरी पाखरं बघताय का?" घड्याळवाले कौतुकाने म्हणाले. "शेजारच्या फुलवालीकडून आली असावीत. टाळी वाजवली की सगळी नाचतात. एकटं बसलं की तेवढीच सोबत." आणि त्यांनी टाळी वाजवून दाखवली.

आत्याने डोळे मिटून घेतले. रागवावं असं खूप वाटलं, पण रागवायला तोंड कुठे होतं? "तुमच्या या पाखरांनी माझी दोन काचघरं खाल्ली," ती म्हणाली. "मीच नेली म्हणा. रोज चार वाजता, पाठीवर बसवून."

घड्याळवाल्यांच्या डोळ्यातलं भिंग टपकन हातात पडलं. "अरेरे! मग आता चहा बंद?"

"चहा कशाला बंद? झाड बंद." तिघांनी मिळून टोमॅटोवर मोठी पिशवी चढवली, तोंड बांधलं, आणि मगच चहा झाला. निघताना आत्या म्हणाली, "दुसरं रोप देईन. पण खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून ठेवणार."

संध्याकाळी ऑफिसात आत्याने भाच्याला नकाशासमोर उभं केलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, पायऱ्या बसून उतरली तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "कीड मी आणली. शेडमध्ये मी जाणार. एक हंगाम."

"आत्या, काहीतरीच काय! या वयात?"

"तुझ्या बापाला बसवलं होतं मी. तेही माझ्याच वाढदिवसाच्या फुलांसाठी. आज मी सुटले तर तो स्वप्नात येऊन चिकटपट्टी लावेल माझ्या तोंडाला." मग ती भाचेसुनेकडे वळली. "बाहेरचं झाड आणलंस ते चुकलंच तुझं. पाटीवर आहे ते आहे."

"हो," भाचेसून म्हणाली.

"म्हणून ती कुंडी पंपामागे नको. ऑफिसच्या खिडकीत ठेव. ऊनही मिळेल, आणि मला येता-जाता वासही."

शनिवारपर्यंत एक आठवडा होता आणि तो सगळ्यांनी वाकून काढला. खालची पानं खुडली, पिशव्यांत बांधली, साबणाच्या पाण्याने पानांच्या मागच्या बाजू पुसल्या. पण सगळ्यात मोठं काम केलं ते स्वेटरने. भाचेसुनेने तो आत्याची परवानगी काढून पहिल्या काचघरात काठीवर टांगला, हात पसरलेले, आणि त्याला सापळ्याचा सगळा गोंद फासला. तीन दिवसांत तो पाठीकडून पांढरा झाला.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे काय आहे?"

"आमच्या आत्याबाई," भाचेसून पटकन म्हणाली. "म्हणजे, त्यांचा स्वेटर."

"याच्यावर गोंद फासायची कल्पना कुणाची?"

"तिची," आत्या शेडच्या दारातून ओरडली. "स्वेटर तेवढा माझा!"

पहिल्या दोन काचघरांना बाईंनी महिनाभर थांबायला सांगितलं. तिसऱ्या काचघरात त्या तास दीड तास होत्या, आणि वर आल्या तेव्हा त्यांनी सहा हजार काकडीच्या रोपांच्या कागदावर सही केली. त्या हंगामात सुरुवातीला रोपवाटिकेतून गाडी भरून गेली ती फक्त भाचेसुनेची. आत्याने तिच्या प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी लावली, आणि इतकी घट्ट लावली की शेतकऱ्यांनी तक्रार केली.

वसंतात आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिने घरी येऊन पहिली चौकशी स्वेटरची केली. भाच्याने तो काठीसकट आणून दाखवला. आत्याने हळूच नवा चष्मा सारखा केला.

"अगंबाई," ती म्हणाली. "मेलं, हे घालून मी गावभर फिरत होते?"

"चाळीस दिवस," भाचा म्हणाला, आणि साखरेचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

हंगाम संपल्यावर ती काचघरात परत आली तेव्हा पाटीवर एक नवीन ओळ होती, भाचेसुनेच्या अक्षरात: आत येणाऱ्याने पाठ दाखवावी. आत्या दारात थांबली. भाचेसून गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून आली, तिला हलकेच फिरवलं, खांद्यापासून कमरेपर्यंत कोट पाहिला आणि दोनदा झटकला.

"आहे का काही?" आत्याने विचारलं.

"काही नाही. जा."

"नीट बघितलंस ना? घड्याळवाल्यांकडून येतेय मी."

"बघितलं, आत्याबाई. चला आता, तिसऱ्यात काकडीला फूल धरलंय. पायऱ्यांना मी कठडा लावून घेतलाय."